क्रिप्टोच्या जाळ्यातून आई-वडिलांना सोडवताना या चुका टाळा

साताऱ्यातल्या निवृत्त फौजीची ग्रॅच्युइटी असो की तासगावच्या बागायतदाराच्या बेदाण्याची पट्टी, रक्कम एकदम हातात आली की व्हॉट्सॲपवर ‘गुंतवणूक मार्गदर्शन’ करत क्रिप्टोच्या (आभासी चलनाच्या) खोट्या ॲपवर पैसे भरायला लावणारे ग्रुप सापडायला वेळ लागत नाही. मुलं पुण्या-मुंबईला. फोनवर समजावताना त्यांच्याकडूनही चुका होतात.

‘थोडे पैसे काढून बघा’

हा सल्ला सगळ्यात घातक. पाच-दहा हजार हे भामटे मुद्दाम काढू देतात, कारण मोठी रक्कम त्यानंतरच येते. शिवाय हे पैसे बरेचदा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात. त्याने तक्रार केली की माग वडिलांच्या खात्यापर्यंत येतो आणि पेन्शनचं खातंच गोठतं. ॲपवर दिसणारा नफा म्हणजे नुसता पडद्यावर टाकलेला आकडा असतो.

मोठी रक्कम मागितली की ‘आधी टॅक्स भरा’ सुरू होतं. इथे नियम माहीत हवा. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, पण तो आयकर विभागाकडे भरायचा असतो. १ टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापला जातो. पैसे सोडवण्यासाठी वेगळ्या खात्यात कर मागणारा प्लॅटफॉर्म खोटाच. ‘रिझर्व्ह बँक मान्यताप्राप्त’ हा दावाही तसाच. रिझर्व्ह बँक कुठल्याही क्रिप्टो एक्स्चेंजला मान्यता देत नाही.

रागावणं

‘घरी सांगू नका, त्यांना यातलं कळत नाही’ हे समोरच्याने आधीच पढवलेलं असतं. आपण ओरडलो की त्याचंच खरं ठरतं आणि पुढचा आरटीजीएस लपून होतो. वाद घालू नका. ‘बाबा, शेवटचे पैसे कुणाच्या नावावर गेले ते दाखवा’ एवढंच म्हणा. कंपनी म्हणे लंडनची, आणि पैसे घेणारं खातं कुठल्यातरी ट्रेडर्सचं. पुढच्या वेळी आणखी तिसऱ्याचंच. ही नावं त्यांनी स्वतः वाचली की निम्मं काम होतं.

ॲप काढून टाकणं, ग्रुप सोडणं

घाबरून हे करू नका, पुरावा जातो. एनीडेस्कसारखं, दुसऱ्याला दुरून आपला फोन बघू-चालवू देणारं ॲप टाकायला लावलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि नेटबँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. मग नंबरांसह चॅट, ग्रुपचं नाव आणि वॉलेटचा (क्रिप्टोच्या खात्याचा) पत्ता यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. एनीडेस्क त्यानंतर काढा.

पण यात तास घालवू नका. फोटो एकाने काढावेत, दुसऱ्याने तेवढ्यात १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावावा. पैसे भाड्याने घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांतून पुढे सरकत यूएसडीटीत (डॉलरशी जोडलेल्या क्रिप्टोत) बदलले की बँकेच्या हातात रोखायला काही उरत नाही. फोन करताना खाते क्रमांक, तारीख, रक्कम आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक, जवळ हवा. पासबुकात तो नसेल तर बँकेच्या ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार पूर्ण करा, शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. गावातल्या पतसंस्थेतून पैसे गेले असतील तर तिथेही अर्ज हवा.

फोन तसाच ठेवणं

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स, आणि तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. अनोळखी माणूस थेट ग्रुपमध्ये घालू शकणार नाही. नेटबँकिंगची रोजची मर्यादा घरखर्चापुरती आणा. मोठी मुदत ठेव ‘दोघांपैकी कोणीही’ ऐवजी दोघांच्या सहीने चालेल अशी ठेवा. एकजण आजारी पडला तर ही अट अडचणीची होते, म्हणून एक छोटी ठेव मोकळी असू द्या.

काही आठवड्यांनी ‘बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणणारा फोन येऊ शकतो. आई-वडिलांचा नंबर त्याला बहुधा जुन्याच टोळीकडून गेलेला असतो. १९३० किंवा पोलीस पैसे परत मिळवायला फी घेत नाहीत, हे आई-वडिलांना तक्रारीच्या दिवशीच सांगून ठेवा.