जुन्या वाड्याचे गावसंग्रहालय कसे उभारावे

वाड्याचे संग्रहालय करायचे ठरले की बहुतेक ठिकाणी पहिली खरेदी होते ती काचेच्या कपाटांची. पहिला पैसा जायला हवा कौलांवर. वाडा हीच संग्रहातली सर्वांत मोठी आणि सर्वांत नाजूक वस्तू आहे. ती गळत असेल तर आत मांडलेले काहीही टिकत नाही. म्हणून कामाचा क्रम ठरलेला ठेवा: आधी कागद, मग नोंद, मग पाणी, मग भिंती आणि लाकूड, मग वीज. मांडणी शेवटी.

मालकी आणि विश्वस्त संस्था

गावठाणातल्या घराची मालमत्ता पत्रिका काढा. सिटी सर्व्हे झालेला नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा घ्या. त्यावर आज कोणाची नावे आहेत आणि कोणाची असायला हवीत, हे वंशावळ काढून पडताळा. जुन्या वाड्यांत घोळ होतो तो इथेच. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि त्यांचे वारस यांची संमती घ्यायची राहते आणि दुरुस्ती अर्ध्यावर असताना कोर्टाची स्थगिती येते. सगळ्यांचे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. कुटुंबाला मालकी सोडायची नसेल तर निदान ३० वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा करा आणि दुरुस्ती कोणी करायची हे त्यात स्वच्छ लिहा. तोंडी शब्दावर चुन्याची एक पाटीही आणू नका.

संस्थेसाठी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान ७ सभासद लागतात आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. या दुसऱ्या नोंदणीचा वाड्याला थेट फायदा आहे: कलम ३६ प्रमाणे विश्वस्तांना स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. विश्वस्तांत घराण्यातला एकजण ठेवा, पण बहुमत घराण्याचे नको. गावातला जाणता गवंडी किंवा सुतार, शाळेतले शिक्षक, बचत गटातल्या बायका आणि ज्या वस्त्यांना पूर्वी वाड्यात प्रवेश नव्हता तिथली माणसे समितीत पहिल्या दिवसापासून हवीत.

परदेशातले गावकरी मदत करू इच्छितात, तेव्हा एक गोष्ट आधी विचारा. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकी मानली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची मानली जाते आणि ती स्वीकारण्यासाठी परकीय देणगी कायद्याखाली केंद्राची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. शिवाय केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्यापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. स्वच्छतागृह बांधण्याआधी हे अंतर मोजून घ्या.

हात लावण्याआधी नोंद

प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. चारही भिंती, छत आणि जमीन यांचे फोटो काढा आणि टेप लावून मोजमापाचा नकाशा करा. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, सोपा, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, बळद, परसातली विहीर ही नावे घरातली माणसे जशी उच्चारतात तशीच नकाशावर लिहा.

एक पूर्ण पावसाळा वाड्याकडे नुसते बघण्यासाठी राखून ठेवा. कुठे गळते, कुठे पाणी साचते, ओल जोत्यापासून किती फूट चढते, हे खडूने भिंतीवर आणि तारखेसह वहीत टिपा. तड्यांवर आतल्या बाजूने पीओपीची बोटभर रुंद पातळ पट्टी आडवी लावून तारीख लिहा. वर्षभरात पट्टी तुटली तर भिंत अजून हलते आहे. अशा भिंतीला टेकू देऊन स्थापत्य अभियंत्याला बोलवा. पट्टी शाबूत राहिली तर तडा जुना आहे, तो चुन्याने भरून चालेल.

छप्पर आणि पाणी

छपराचे काम मार्च ते मे महिन्यांत उरका. मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. फुटीसाठी दहा टक्के जास्त आणा. जुनी शाबूत कौले दर्शनी उतारावर एकत्र लावा, नवी मागच्या बाजूला. जुन्या-नव्यांची सरमिसळ केली तर खाचा जुळत नाहीत आणि वाऱ्याबरोबर पाणी आत शिरते. कौले ज्यांवर बसतात त्या रिपांतले अंतर पुस्तकातून घेऊ नका, हातातल्या कौलावरूनच मोजा. वासे आणि आढे तपासण्याची हीच वेळ असते, कारण छप्पर पुन्हा लवकर उघडले जाणार नाही.

मराठवाडा-सोलापूरकडच्या माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, दुखणे वेगळे. दरवर्षी पावसाआधी वर पांढऱ्या मातीचा थर देतात. जुना थर न खरवडता नवा टाकत गेले की पिढ्यांचे ओझे साठून तुळया वाकतात. आधी वजन उतरवा, मग कडीपाटाची (खालच्या लाकडी छताची) दुरुस्ती करा आणि शेवटी पन्हळीकडे उतार देऊन नवा थर द्या.

चौकात आणि भिंतीलगत पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंटचा कोबा केलेला असेल तर भिंतीपासून निदान २ फुटांची पट्टी उखडून मोकळी करा. जमिनीला वर श्वास घेता आला नाही की सगळी ओल भिंतीत शिरते.

सिमेंट काढा, चुना आणा

वाड्यांची सर्वांत जास्त नासाडी चांगल्या हेतूने केलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने होते. दगड, वीट किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची (कच्च्या विटांची) भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि चुन्याच्या दर्जांतून (दगड-विटांमधल्या सांध्यांतून) ते बाहेर सोडते. सिमेंट हा मार्ग बंद करते. पाणी आणखी वर चढते, तुळयांच्या भिंतीत बसवलेल्या टोकांपर्यंत पोचते आणि ती टोके आतून कुजतात. वाटेत साठलेला खार विटांचा पृष्ठभाग फोडून काढतो. ऑइल पेंट आणि वॉटरप्रूफ रंग हेच करतात.

गिलावा खालच्या ३ फुटांपासून उतरवायला लागा. छिन्नी तिरकी धरून हाताने काम करा; यंत्राच्या हादऱ्याने मातीच्या दर्जा सुटतात. भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. वर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. तो पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा आत जातो.

चुना घरी विरवलेला उत्तम. कळीचा चुना टाकीतल्या पाण्यात थोडा थोडा टाका. पाणी उकळते, म्हणून गॉगल आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कोणी जवळ जायचे नाही. मुलांना तर आवारातच येऊ देऊ नका. जाळीतून गाळून, वर वीतभर पाणी ठेवून निदान ३ आठवडे मुरू द्या. जास्त मुरला तर चांगलेच. घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात नंतर फुलतात आणि भिंतीवर फोड येऊन पोपडे निघतात.

विटांच्या भिंतीसाठी १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटांची भुकटी) आणि २ भाग चाळलेली, मातीविरहित वाळू या प्रमाणापासून सुरुवात करा. चुना मळायच्या घाणीवर किंवा मिक्सरमध्ये मिश्रण लोण्यासारखे मळले गेले पाहिजे. ताग बोटाच्या पेराएवढा कापून घाला. तो तडे धरून ठेवतो. बेलफळाचा काढा आणि गूळ घालण्याची रीत आहे, पण गूळ बेताचाच. जास्त झाला तर मुंग्या लागतात आणि डाग पडतात. आधी भिंतीवर १ चौरस फुटाचे तीन-चार नमुने वेगवेगळ्या प्रमाणांत लावा, महिनाभर पाहा, मग ठरवा. मातीच्या भिंतीवर मात्र भुसा मिसळून मातीचाच गिलावा द्या आणि वर चुन्याची सफेदी करा, कारण कडक थर मऊ भिंतीला धरत नाही.

थर १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नका. काम ऑक्टोबर ते जानेवारीत करा आणि ओली गोणपाटे लावून निदान १० दिवस भिंत दमट ठेवा. एप्रिलच्या उन्हात लावलेला चुना घट्ट होण्याआधीच वाळतो आणि हात फिरवला की पीठ होऊन हाताला लागतो.

लाकूड

खांब, तुळया, हस्त (तुळईखालचे लाकडी आधार) यांवर लाकडी हातोडीने ठोका. भद्द आवाज आला तिथे टोच्या घालून पाहा. पाव इंचाहून खोल सहज गेला तर आत कूज किंवा वाळवी आहे. अख्खी तुळई बदलण्याचा मोह टाळा. कुजलेले टोक तेवढे कापून, जुन्याच वाळलेल्या सागाचा तुकडा लांब तिरक्या सांध्याने जोडता येतो. पडलेल्या वाड्यांचे लाकूड याच कामासाठी जमवून ठेवावे. वाळवी ओलीच्या मागे येते. तिच्या मातीच्या नळ्या कुठून सुरू होतात ते शोधा, ओल थांबवा आणि मग परवानाधारक माणसाकडून औषध घाला. क्रम उलटा केला तर दोन वर्षांत ती परत येते.

लाकडाला जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात मिसळून पातळ हात द्या आणि जास्तीचे पुसून काढा. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल वापरतात. तेही वासे-आढ्यांना चांगले, पण ते कातडी भाजते. जवसाच्या तेलाची फडकी ढीग करून ठेवली तर आपोआप पेट घेतात. ती पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

माणसांचे वजन, वीज आणि आग

राहत्या घराचा मजला चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून आखतात. संग्रहालयासाठी ४०० किलो धरावे लागतात. अभियंत्याचा लेखी दाखला मिळेपर्यंत माडीवर एका वेळी १० माणसांपेक्षा जास्त सोडू नका. जड पेट्या आणि कपाटे भिंतीलगत ठेवा, दोन आधारांमधल्या खणाच्या मध्यावर नाही.

१८२८ साली लागलेल्या आगीत शनिवारवाड्यातले लाकडी महाल गेले. दगडी जोती आणि तटबंदी तेवढी उरली. आज वाड्यात आगीचे पहिले कारण जुनी वायरिंग आहे. ती सगळी काढून लोखंडी नळीतून नवी घाला, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवा आणि संग्रहालय बंद करताना मुख्य स्विच पाडण्याची जबाबदारी एका नावावर द्या. वीजफलकाजवळ कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे ठेवा. कोरड्या पावडरचे नळकांडे आग विझवते, पण पावडर धातूच्या वस्तू खाते. देवघरात नित्यपूजा चालू असेल तर ती चालू राहू द्या; समई पितळी परातीत ठेवा आणि ती विझेपर्यंत कोणीतरी घरात थांबा.

वस्तू घेणे आणि जपणे

शिवलेली, पाने क्रमांकित केलेली नोंदवही करा. वस्तू दारातून आत आली की त्याच दिवशी तिला वर्ष, देणगी आणि वस्तू असा तिहेरी क्रमांक द्या, उदाहरणार्थ २०२५.४.२. देणाऱ्याकडून दानपत्र घ्या. उसनी दिलेली असेल तर मुदत लिहा. ‘ठेवा तुमच्याकडे’ असे म्हणून दिलेल्या वस्तूंवरूनच पुढे भांडणे होतात. धातू-लाकडावर आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पारदर्शक ठिपका, त्यावर शाईने क्रमांक. कापडाला सुती नाडीवर क्रमांक लिहून टाके घाला.

पितळी भांडी चिंचेने किंवा पावडरने घासू नका. वापराच्या खुणा त्यातच असतात. जुने कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. ते ३०० डीपीआयला स्कॅन करा, फोटो ६०० ला. मोडी कागद वाचण्यासाठी पुण्यातले भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा शासनाचे पुराभिलेख कार्यालय यांच्याकडे चौकशी करा, मात्र मूळ कागद बाहेर पाठवू नका. कसर लागलेले लुगडे प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून घरगुती डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना २ आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका. कापड आणि कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश नको. मांडलेली कापडे आणि कागद दर तीन-चार महिन्यांनी बदलत राहा.

काही वस्तू घेण्याआधी कायदा पाहा. हस्तिदंत, वाघाचे कातडे, सांबरशिंग मालकी प्रमाणपत्राशिवाय स्वीकारू नका, वनखात्याला कळवा. जुन्या बंदुका-तलवारींसाठी पोलीस ठाण्यात लेखी विचारा. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि चित्रांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. जोते खणताना दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

काय सांगायचे

घराण्याची वंशावळ आणि तलवारी एवढ्यावर वाडा संपवू नका. पाणी कोण आणत होते, दळण कोण दळत होते, बलुते कुठे मोजले जाई, देवडीपाशी कोणाला थांबावे लागे, विधवेची खोली कोणती, हे त्या त्या जागीच लिहा. पुण्याच्या गंज पेठेतला महात्मा फुले वाडा आकाराने लहान आहे. पण १८६८ साली जोतीरावांनी घरातला हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही एक गोष्ट त्या जागेला दहा दालनांचे वजन देते. तुमच्या वाड्यातली अशी जागा शोधा. त्यासाठी ऐंशीच्या पुढच्या आजी-आजोबांचे बोलणे आधी ध्वनिमुद्रित करा, लेखी संमती घेऊन आणि तीन ठिकाणी प्रती ठेवून. हे काम छपराच्या दुरुस्तीसाठीही थांबू नये.

एक खोली गावाच्या वापराला ठेवा: वाचनालय, भजन, बचत गटाची बैठक. रोज दार उघडणाऱ्या घरात गळती त्याच दिवशी दिसते.

वर्षाचे काम

मे महिन्यात कौले फेरा आणि पन्हळी साफ करा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पोटमाळ्यावर बॅटरी घेऊन जा आणि उघडीप असेल तेव्हा दारे-खिडक्या उघडा. दिवाळीआधी सफेदी करा आणि जानेवारीत नोंदवहीशी वस्तू ताडून पाहा. दुरुस्तीवर जेवढा खर्च झाला त्याचा निदान दहावा भाग मुदत ठेवीत अडकवून ठेवा. आणि संस्थेच्या घटनेत एक कलम आजच घाला: संग्रहालय बंद पडले तर दान आलेल्या वस्तू कोणत्या सार्वजनिक संस्थेकडे जातील आणि उसन्या आणलेल्या किती दिवसांत घरोघरी परत केल्या जातील.