घरी सोडायच्या आधी करायची तयारी

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी) टाकून पेशंट बेळगावहून खानापूर-निपाणीकडे निघतो तेव्हा सगळे बिलात आणि गाडीत गुंतलेले असतात, आणि डिस्चार्ज कार्ड पिशवीच्या तळाशी जातं. ते आधी बाहेर काढा. कार्ड इंग्रजीत, दुकानदाराने पाकिटावर लिहिलेलं कन्नडमध्ये, आणि आजोबा वाचणार मराठी. म्हणून सिस्टरसमोर बसूनच वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्या: सकाळी कुठली, रात्री कुठली, आणि कशासाठी. हे 'कशासाठी' सोडू नका. कारण दोन-तीन महिन्यांनी बरं वाटू लागतं आणि मग गोळ्या सुटतात.

ॲस्पिरिन आणि सोबतची क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर यांच्याभोवती लाल पेनाने गोल करा. ही जोडी साधारण वर्षभर चालते. मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही. टिकाग्रेलोर दिवसातून दोनदा असते, संध्याकाळची हमखास राहते. रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने काहींना कोरडा खोकला येतो. गोळी गुपचूप सोडण्यापेक्षा सांगा, बदलून मिळते.

जनऔषधीतून घेतल्या तर पैसे वाचतात, पण पाकिटावरचं नाव वेगळं असतं. मग जुनी एक आणि नवी एक, अशी तीच गोळी दोनदा पोटात जाते. औषधाचं मूळ नाव जुळवा आणि जुनं पाकीट संपल्यावरच नवं फोडा. जांबोटी-कणकुंबीकडच्यांनी पावसाळ्यात जादा साठा ठेवावा.

एकादशीला गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपास मोडत नाही, हे घरातल्या आजींकडूनच वदवून घ्या. डॉक्टरांपेक्षा त्यांचा शब्द चालतो. निपाणी भागात तर तंबाखूची चंची आधी घरातून हलवा, आणि सुनेने-मुलानेही समोर तंबाखू मळू नये. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी परस्पर आणू नका.

डॉक्टरांनी दिली असेल तर सॉर्बिट्रेट खिशात हवी, कपाटात नको. छातीत दुखलं तर बसून जिभेखाली. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन. हा नंबर शेजाऱ्यांकडेही द्या. पुढच्या तपासणीला उरलेल्या गोळ्यांची पाकिटं न्या. किती चुकल्या ते डॉक्टरांना दिसेल.