तीन गुणांची तयारी: स्पर्धेला बिअर पाठवण्याआधी

अमेरिकेतल्या होमब्रू, म्हणजे घरी बनवलेल्या बिअरच्या स्पर्धांमध्ये बहुधा बीजेसीपीची (बिअर परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) गुणपत्रिका असते. 50 पैकी चवीला 20, वासाला 12, दिसण्याला फक्त 3. तीनच म्हणून सोडून देऊ नका. गढूळ पिल्सनर (एरवी नितळ, फिकट बिअर) पाहिलेला परीक्षक पहिला घोट संशयानेच घेतो.

नोंदणीआधी एक बाटली स्वच्छ काचेच्या ग्लासात ओता आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. रेसिपीत काय ठरलं होतं ते बाजूला ठेवा. ब्लाँड एल या फिकट बिअरचा रंग 3 ते 6 एसआरएम (बिअरच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका रंग गडद), अमेरिकन पेल एलचा 5 ते 10. ब्लाँड तांबूस झाली असेल आणि हॉप्सही (कडवटपणा देणारी फुलं) जरा चढे लागत असतील, तर तिला पेल एलमध्येच नोंदवा. गढूळपणाचंही तसंच आहे: वाइसबिअरला, म्हणजे गव्हाच्या बिअरला, तो शोभतो, पिल्सनरला नाही.

पिल्सनर गढूळ दिसली तर ग्लास तासभर तसाच राहू द्या. गरम होताना नितळ झाली, तर प्रथिनं आणि पॉलिफेनॉल थंडीत एकत्र आल्याने आलेला तो धूसरपणा. तरीही गढूळच राहिली, तर यीस्ट, मॅशमध्ये (माल्ट गरम पाण्यात भिजवताना) पूर्ण न फुटलेला स्टार्च किंवा जंतुसंसर्ग. पहिल्या दोन्हींवर, म्हणजे थंडीच्या धूसरपणावर आणि यीस्टवर, जिलेटिन चालतं. स्टार्चचा इलाज पुढच्या खेपेला मॅशमध्येच, आयोडिनचा थेंब काळानिळा होणं थांबेपर्यंत तो चालू ठेवून. जिलेटिन घालायचं तर बिअर आधी 1-2 अंश सेल्सियसवर आणा. 19 लिटरला बिनचवीचं जिलेटिन अर्धा टीस्पून, पाऊण कप पाण्यात, 65 ते 70 अंशांपर्यंत तापवून. उकळलंत तर त्याची पकड जाते. ओतून दोन दिवस थांबा. वाइसबिअरला हा सोपस्कार अजिबात नको.

फेस बाटलीत भरतानाच बिघडतो. साबणाचा अंश फेस मारतो, तेव्हा बाटल्या गरम पाण्याने खळखळून धुवा. बाटलीतच गॅस धरवायचा असेल तर 19 लिटरला सुमारे 115 ग्रॅम डेक्स्ट्रोज साखर, वजनकाट्यावर मोजून; चमच्याचा अंदाज इथे फसतो. मग 20 अंशांवर दोन ते तीन आठवडे. साखर जास्त झाली तर झाकण उघडताच बिअर उसळते, तळाचं यीस्ट वर येतं आणि फेसाबरोबर नितळपणाही जातो. केगमधून (गॅस भरलेल्या बिअरच्या पिंपातून) भरत असाल तर बाटल्या आधी फ्रिजमध्ये गार करा, नाहीतर बराच गॅस भरतानाच निसटतो.

बाटली साधी, तपकिरी, 12 औंसाची. लेबल नको, झाकणावरचा छाप मार्करने काळा करा, नोंदणीची चिठ्ठी रबरबँडने लावा. मानेत इंचभर जागा सोडा. द्रवाच्या रेषेवर पांढरट कडं धरलं असेल तर संसर्गाची शंका धरा. ती बाटली घरीच ठेवा. पार्सल आठवडाभर आधी पोचू द्या, प्रवासात ढवळलेला गाळ खाली बसायला तेवढे दिवस लागतात.

परीक्षक प्लॅस्टिकच्या ग्लासामागे टॉर्च धरून पाहतात. घरीही तसंच पाहा. त्याच खेपेतली एक बाटली राखून ठेवा आणि स्पर्धेच्या दिवशी उघडा: रंग, नितळपणा, फेस किती मिनिटं टिकला, एवढं लिहून ठेवा. गुणपत्रिका आली की शेजारी ठेवून वाचता येते.