कोकणात स्थायिक होण्यापूर्वी

निवृत्तीनंतर मुंबई-पुणे सोडून कोकणात राहायला जाण्याचा निर्णय बहुधा डिसेंबरातल्या सुखद हवेत घेतला जातो, आणि चूक तिथेच होते. गाव पाहायचे तर ते जुलैत आणि मेमध्ये पाहावे. रत्नागिरी परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांश चार महिन्यांतच कोसळत असल्यामुळे भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी आणि खंडित वीज यांची सवय करून घ्यावी लागते. मात्र सच्छिद्र जांभ्यातून पाणी झपाट्याने वाहून जात असल्याने त्याच गावातल्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. म्हणून शेजाऱ्यांना पहिला प्रश्न मे महिन्यातल्या पाण्याचा विचारावा.

जागा स्वस्त वाटली, तरी दरवर्षीची पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, इन्व्हर्टर आणि शहरातल्या डॉक्टरांकडच्या फेऱ्या हिशेबात धराव्यात. शिवाय महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येत असल्याने सातबारा उतारा आणि जमीन अकृषिक आहे की नाही, हे वकिलाकडून आधी तपासून घ्यावे.

शक्य असल्यास शहरातले घर न विकता एक पूर्ण वर्ष भाड्याने राहावे. त्या काळात संध्याकाळी सातनंतर वेळ कसा जातो, याकडेही लक्ष द्यावे, कारण नाटक, वाचनालय आणि जुना मित्रपरिवार यांची उणीव (विशेषतः जोडीदाराला) पावसाच्या आठव्या दिवशी जाणवू लागते.