फोटो माझे, ओळी मावसबहिणीच्या

मी पुण्यात फोटो काढते, मावसबहीण चिपळुणात बसून त्यांवर लिहिते. नियम एकच: फोटोत दिसतं ते ओळीत सांगायचं नाही. मी आजीच्या पाट्या-वरवंट्याचा फोटो पाठवला. तिनं ना पाटा लिहिला, ना आजी. लिहिलं, 'दुपारी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.' जमलं!

फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर त्याची क्वालिटी जाते. ६ बाय ४ इंचांच्या चांगल्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात.

मजकूर फोटोवरच छापायचा मोह होतोच. त्यापेक्षा खाली पांढरी पट्टी सोडा. ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा ठेवा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकले, की वाचणारा थांबलाच म्हणून समजा. आणि दुकानात पीडीएफच द्या, फॉन्ट आत घालून. आम्ही साधी फाइल दिली, तर बाराही प्रिंटांवर 'प्रतीक्षा'चं 'प्रतीक् षा' झालं. पैसे आमचेच गेले.

दर चौथ्या वेळी उलटं करतो: ती आधी ओळ पाठवते, मी फोटो शोधत हिंडते. यात भांडणं जास्त होतात, पण फोटोही बरे निघतात.