सेव्ह फाइल पाठवून दूरच्या सोबत्यांशी डावपेचांचे खेळ कसे खेळावेत

पाळीपाळीने खेळायच्या डावपेचांच्या खेळांत सर्व खेळाडूंनी एकाच वेळी संगणकासमोर बसण्याची गरज मुळातच नसते. एकाने आपली खेळी पूर्ण करावी, पटाची त्या क्षणीची स्थिती सेव्ह फाइलमध्ये जतन करून ती पुढच्याला पाठवावी, त्याने ती सवडीने उघडून आपली खेळी करावी आणि फाइल पुढे धाडावी, एवढ्या साध्या व्यवहारावर कित्येक महिने चालणारा मोठा डाव रंगू शकतो. पोस्टकार्डावर चाली लिहून बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी ही रीत फार पूर्वीच रुळवली होती. ईमेल आल्यावर खेळ बनवणाऱ्यांनी ती ‘प्ले बाय ईमेल’ या नावाने थेट आपल्या खेळांत आणली. नोकरी, घर आणि वेगवेगळी घड्याळे सांभाळणाऱ्या मित्रांना सलग चार तास एकत्र मिळणे अवघड असते, पण रोजचा अर्धा तास प्रत्येकाला काढता येतो, आणि म्हणूनच ही पद्धत आजही टिकून आहे.

असे अर्ध्यावर मोडलेले डाव पाहिले, तर बहुतेकांचे कारण पटावर सापडत नाही. फाइल नेमकी कोणाकडे आहे आणि दोन फाइली असतील तर खरी कोणती, या घोळात ते अडकलेले असतात. त्यामुळे पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी एकच नियम आहे: डावाची चालू फाइल कोणत्याही क्षणी एकच असावी, आणि ती कोणाच्या हातात आहे हे प्रत्येक खेळाडूला विचारावे न लागता कळावे.

आपला खेळ कोणत्या पद्धतीचा आहे

फाइल फिरवण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत आणि सुरुवात करण्यापूर्वी आपला खेळ कोणत्या पद्धतीत बसतो हे पाहावे. पहिल्या पद्धतीत एकच फाइल सर्वांच्या हातून क्रमाने फिरते. ‘सिव्हिलायझेशन ४’ किंवा १९९९ मधील ‘अल्फा सेंटॉरी’ या खेळांमध्ये अशी सोय मुळातच दिलेली आहे: खेळी संपवली की खेळ स्वतःच पुढच्या खेळाडूसाठीची फाइल तयार करतो आणि त्याने पासवर्ड लावला असेल तर ती त्याशिवाय उघडत नाही.

दुसऱ्या पद्धतीत सर्व खेळाडू एकाच फेरीसाठी आपापले हुकूम स्वतंत्रपणे लिहितात, ते यजमानाकडे, म्हणजे डाव चालवणाऱ्याकडे, पाठवतात, आणि यजमानाच्या संगणकावर सर्व हुकूम एकदम अमलात येऊन नव्या स्थितीची फाइल प्रत्येकाकडे परत जाते. १९९२ च्या ‘व्हीजीए प्लॅनेट्स’मध्ये ११ खेळाडूंपर्यंतचा डाव असाच चालत असे, आणि ‘डोमिनियन्स’ मालिकेतील खेळ आजही याच पद्धतीने खेळता येतात. ‘कॉम्बॅट मिशन’मध्ये दोन्ही बाजू एका मिनिटाचे हुकूम देतात आणि मग ते एक मिनिट आपोआप उलगडते; त्यात हस्तक्षेप करता येत नाही, फक्त पाहता येते.

या दोन पद्धतींतला फरक केवळ तांत्रिक नाही. एकामागून एक खेळताना सहा खेळाडूंपैकी प्रत्येकाने एक दिवस घेतला, तर एक फेरी पूर्ण व्हायला सहा दिवस लागतात. सगळ्यांनी एकदम हुकूम पाठवले, तर खेळाडू कितीही असले तरी ती फेरी एका दिवसात होते. म्हणून चारपेक्षा अधिक खेळाडू असतील तर दुसऱ्या पद्धतीचा खेळ निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दोघे किंवा तिघे असाल तर पहिली पद्धत अधिक रसाळ वाटते, कारण प्रतिस्पर्ध्याची प्रत्येक हालचाल आपल्यापुढे पूर्ण होऊन येते.

ज्या खेळांत ईमेलची सोय नाही पण एकाच संगणकावर आळीपाळीने बसून खेळण्याची, म्हणजे ‘हॉटसीट’ची सोय आहे, तेही या कामी येतात. आपली खेळी संपवून ‘पुढील खेळाडू’ असा पडदा आला की तिथे फाइल जतन करता येते का, हे आधी एकट्याने दोन बाजू घेऊन तपासावे. काही खेळ त्या पडद्यावर जतन करू देत नाहीत. मग पुढच्याची खेळी उघडून लगेच जतन करावे लागते आणि एरवी आपल्याला न दिसणारा त्याचा नकाशा क्षणभर आपल्या नजरेस पडतो. खेळात प्रत्येक खेळाडूसाठी पासवर्ड नसेल, तर कोणीही कोणाचाही नकाशा पाहू शकतो, हे सर्वांनी आधीच मान्य करून मगच बसावे.

डाव मांडण्यापूर्वी

सर्वांकडे खेळाची तीच आवृत्ती, तेच पॅच (दुरुस्तीच्या फाइली), तेच विस्तार-पॅक आणि तेच मॉड (खेळात बदल करणाऱ्या इतरांनी बनवलेल्या फाइली) असले पाहिजेत. एकाने मधेच खेळ अद्ययावत केला, तर त्याने जतन केलेली फाइल इतरांकडे उघडेलच असे नाही, आणि उघडली तरी नियम बदललेले असू शकतात. त्यामुळे खेळ आपोआप अद्ययावत होण्याची सोय डाव संपेपर्यंत बंद करावी किंवा जुन्या आवृत्तीवर थांबण्याची सोय असेल तर ती वापरावी. मॉड वापरायचे ठरल्यास त्याचे संपूर्ण फोल्डर एकानेच सर्वांना पाठवावे. ‘तुम्हीही उतरवून घ्या’ असे सांगितले की कोणाकडे तरी वेगळी आवृत्ती येते.

त्यानंतर लांबीचा हिशेब करावा, आणि तो कागदावर करावा. ‘सिव्हिलायझेशन ४’च्या ‘बियाँड द सोर्ड’ या विस्तारात सामान्य गतीचा डाव ५०० फेऱ्यांचा आणि जलद गतीचा ३३० फेऱ्यांचा असतो. चौघे खेळाडू आणि प्रत्येकाला एक दिवस, असे धरले तर जलद गतीचा डावसुद्धा १३२० दिवसांचा, म्हणजे साडेतीन वर्षांहून लांब होतो. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. ‘वॉर इन द पॅसिफिक’सारख्या युद्धखेळात एक फेरी म्हणजे युद्धाचा एक दिवस धरला, तर डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळाच्या १३०० हून अधिक फेऱ्या होतात, आणि तरीही तो खेळ चिकाटीने खेळणारी माणसे आहेत. पण पहिल्यांदाच एकत्र येणाऱ्या गटाने लहान नकाशा, जलद गती आणि ठरावीक फेरीला गुण मोजून संपणारा डाव घ्यावा. डाव शेवटपर्यंत गेल्याचा अनुभव एकदा पाठीशी असला, की मोठ्या डावाला लागणारा धीर आपोआप येतो.

खेळाडूंचा क्रम लावताना घड्याळाचा विचार करावा. वेगवेगळ्या देशांतले खेळाडू असतील तर क्रम पूर्वेकडून पश्चिमेकडे ठेवावा, म्हणजे एकाने संध्याकाळी पाठवलेली फाइल पुढच्याला त्याच्या संध्याकाळच्या आधी मिळते आणि एका दिवसात दोन-तीन खेळ्या सहज होतात. हाच क्रम उलटा लावला, तर फाइल प्रत्येक टप्प्यावर एकेक रात्र पडून राहते.

फाइलची ने-आण

फाइलच्या नावाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवावी आणि ती मोडू नये. नावात तीन गोष्टी पुरतात: डावाचे नाव, फेरीचा क्रमांक आणि फाइल कोणासाठी आहे ते. उदाहरणार्थ, सत्तेचाळिसाव्या फेरीत निळ्या खेळाडूकडे जाणाऱ्या फाइलचे नाव ‘द्वीप_०४७_निळा’ असे असावे. क्रमांकापुढचे शून्य सोडू नये, कारण ते नसेल तर फोल्डरमध्ये शंभरावी फेरी सत्तेचाळिसाव्या फेरीच्या आधी दिसू शकते. प्रत्यक्षात हे नाव रोमन अक्षरांत लिहावे. काही जुन्या खेळांना देवनागरी नावाची फाइल उघडता येत नाही. खेळ स्वतःच फाइलला नाव देत असेल तर मात्र ते बदलू नये.

पाठवताना फाइल झिप करून जोडावी. काही मेलसेवा अनोळखी प्रकारच्या फाइलींना हरकत घेतात. शिवाय झिप फाइल वाटेत बिघडली असेल तर ती उघडतानाच समजते. जीमेलवर एका पत्राला २५ एमबीपर्यंतच्याच फाइली जोडता येतात. बहुतेक सेव्ह फाइली याहून पुष्कळ लहान असतात, पण उत्तरार्धात मोठ्या नकाशांच्या फाइली फुगत जातात. एका डावासाठी पत्रांची एकच साखळी ठेवावी आणि पत्र नेहमी सर्वांना पाठवावे. साखळीतले शेवटचे पत्र उघडले की फाइल कोणाकडे आहे हे त्यामुळे प्रत्येकाला दिसते, आणि ‘माझ्याकडे नाही, तुझ्याकडे असेल’ हा संवाद टळतो. ज्याला फाइल मिळाली त्याने ‘मिळाली, उघडली’ एवढे दोन शब्द लगेच कळवावेत. खेळी दोन दिवसांनी केली तरी चालेल.

मेलऐवजी सामायिक क्लाउड फोल्डर वापरणे सोयीचे आहे, मात्र खेळाचे सेव्ह फोल्डरच त्यात थेट ठेवू नये. खेळ मधूनमधून स्वतःहून फाइली जतन करत असतो, आणि दोघांनी एकाच नावाची फाइल जवळपास एकाच वेळी लिहिली तर क्लाउड सेवा तिच्या दोन प्रती करून ठेवते. अशा वेळी खरी फाइल कोणती हे सांगणे कठीण होते. त्याऐवजी फोल्डरमध्ये पूर्ण झालेल्या खेळीचीच फाइल हाताने ठेवावी, तिथून उतरवून घेताना प्रत घ्यावी आणि मूळ फाइल हलवू नये. अशा रीतीने पहिल्या फेरीपासूनच्या सर्व फाइली तिथे साठत जातात आणि एखादी बिघडली तर डाव एकाच खेळीने मागे जातो. दोन फाइली निर्माण झाल्याच, तर आधी पाठवलेली ग्राह्य धरावी, हा नियम सुरुवातीलाच लिहून ठेवावा. घटना घडल्यावर ठरवायला बसले की प्रत्येकाला आपल्या फायद्याची फाइलच खरी वाटू लागते.

फाइल पुन्हा उघडण्याचा प्रश्न

या पद्धतीतला सर्वांत नाजूक भाग हा आहे. फाइल आपल्या संगणकावर असते, लढाई हरली तर ती बंद करून पुन्हा उघडता येते, आणि कोणी पाहत नसते. काही खेळ यावर उपाय करतात: ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये फाइल पुन्हा उघडल्यावर नशिबाचे आकडे नव्याने टाकायचे की जुनेच ठेवायचे, हा पर्याय डाव मांडतानाच मिळतो. जुनेच ठेवले तर त्याच क्रमाने केलेल्या त्याच चालींचे फळ तेच येते. मात्र चालींचा क्रम बदलला की निकालही बदलू शकतो, म्हणून हा उपाय अपुरा आहे. हुकूम आधी आणि निकाल नंतर, असे असणाऱ्या खेळांत हा मोह बराच कमी होतो, आणि अनोळखी लोकांशी खेळताना मी असेच खेळ सुचवीन.

ओळखीच्या गटात नियम स्पष्ट शब्दांत असावा: खेळी एकदा सुरू केली की तीच शेवटची. वीज गेली, खेळ बंद पडला किंवा चुकून वेगळ्या जागी टिचकी पडली, तर काय झाले ते साखळीत कळवावे आणि जमेल तितक्या त्याच चाली त्याच क्रमाने पुन्हा कराव्यात. मधेच उठावे लागण्याची शक्यता असेल तर फाइल उघडूच नये. खेळी चालू असताना दुसऱ्याच्या संदेशाची वाट पाहणेही टाळावे. वाटाघाटी आधी उरकाव्यात, फाइल नंतर उघडावी.

वाटाघाटींसाठी मिळणारा हा निवांत वेळ मला या पद्धतीचे सर्वांत मोठे सुख वाटते. समोरासमोर खेळताना तह दोन वाक्यांत होतो. इथे अटी लिहिल्या जातात, त्यांवर विचार होतो, शब्द तोलले जातात. मात्र दोन खेळ्यांमध्ये आठवडा गेला की आपण काय ठरवले होते ते पुसट होते, म्हणून खेळी संपताच तीन-चार ओळींची टिपणी करून ठेवावी: ‘फेरी ४७. उत्तरेच्या खिंडीत दोन भालाईत थांबवले, हलवू नयेत. निळ्याला फेरी ५२ पर्यंत शांततेचा शब्द दिला आहे. लोखंडाच्या खाणीला अजून ३ फेऱ्या. पूर्व किनाऱ्यावर लाल जहाज दिसले, दोन्ही वेळा एकाच जागी.’ नकाशा पाहून आठवत नाहीत त्या गोष्टी, म्हणजे हेतू, शब्द आणि संशय, टिपणीत असाव्यात. सैन्य कुठे आहे ते नकाशाच सांगतो.

उशीर, रजा आणि पासवर्ड

प्रत्येक खेळीसाठी मुदत ठरवावी. ४८ तास ही बहुतेकांना जमणारी मुदत आहे. ती उलटली तर आधी आठवण द्यावी, आणि त्यानंतरही उत्तर नसेल तर पुढे काय, हे आधीच ठरलेले असावे. प्रवासाला जाणाऱ्याने बदली खेळाडू नेमावा, आणि तो या डावाबाहेरचाच असावा. डावातल्याच दुसऱ्याला नेमले तर त्याला दोन बाजूंचे नकाशे कळतात आणि तो कितीही सरळ असला तरी पाहिलेले विसरणे त्याच्या हातात नसते. बदली खेळाडूला वरच्यासारखी टिपणी दिली की त्याला धोरण पुढे नेता येते. दीर्घ गैरहजेरीसाठी ती बाजू संगणकाकडे सोपवता येते, परंतु संगणक तह पाळेल याची खात्री नसते.

पासवर्ड विसरल्यामुळेही डाव अडकतात. खेळात प्रशासकाचा वेगळा पासवर्ड असेल, तर तो न खेळणाऱ्या व्यक्तीकडे द्यावा. तशी सोय नसेल, तर प्रत्येकाने आपला पासवर्ड अशाच एका त्रयस्थाकडे ठेवावा आणि तो फक्त खेळाडू पूर्णपणे बाहेर पडल्यावर बदली खेळाडूला द्यावा. इतरत्र वापरत असलेला पासवर्ड इथे मुळीच वापरू नये, कारण तो आज ना उद्या दुसऱ्याच्या हाती जाणारच आहे.

डाव संपला की सर्वांनी आपापले पासवर्ड एकमेकांना द्यावेत आणि साठवलेल्या फाइली पहिल्या फेरीपासून दुसऱ्यांच्या बाजूने उघडून पाहाव्यात. निळ्याने सत्तेचाळिसाव्या फेरीत शांततेचा शब्द घेतला, तेव्हा त्याच्या खिंडीपलीकडे खरोखर किती सैन्य उभे होते, हे तिथेच कळते.