ग्राफ्ट कशाचा, हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या

पुण्यात बसून मी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट कोड करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजारांना आयसीडी-१०-सीएम या यादीतले कोड लावते. पायाच्या बायपासचा, म्हणजे बंद धमनीला वळसा घालून रक्त नेणारी पर्यायी नळी (ग्राफ्ट) बसवलेल्या पेशंटचा, चार्ट आला की नवीन कोडरचा हात सवयीने आय ७०.२ कडे जातो. तो गट पेशंटच्या मूळ धमन्यांचा. डॉक्टरांनी अथेरोस्क्लेरोसिस (आतून चरबीचा थर साचून नळी अरुंद होणं) ग्राफ्टमध्ये आहे असं लिहिलं असेल, तर आय ७०.३ ते ७०.७ मध्येच शोधायचं. उलटंही तितकंच खरं: कधीकाळी बायपास झालाय म्हणून आजचा आजार ग्राफ्टमध्येच आहे असं धरू नका.

मग ग्राफ्ट कशाचा ते बघा. पेशंटची स्वतःची शीर असेल तर ७०.४, पीटीएफईसारखी कृत्रिम नळी असेल तर ७०.६, काहीच लिहिलं नसेल तर ७०.३. पहिल्या वर्षी मी इथेच चुकले. नोटमध्ये नुसतं ‘डावा फेम-पॉप बायपास’ (मांडीच्या धमनीपासून गुडघ्यामागच्या धमनीपर्यंतचा) होतं. मी मागच्या अ‍ॅडमिशनची ऑपरेटिव्ह नोट उघडली, त्यात सॅफेनस व्हेन, म्हणजे पायाचीच शीर, दिसली आणि परस्पर ७०.४ लावला. ऑडिटमध्ये चार्ट परत आला. शीर खरीच होती, पण या व्हिजिटमध्ये डॉक्टरांनी ती लिहिली नव्हती. जुनी नोट जरूर वाचा, पण क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, पाठवण्यासाठी.

कोडमधला पुढचा अंक त्रासाचा: चालताना पोटरी दुखणं, त्यावर बसल्याजागी दुखणं, त्यावर जखम, सर्वांत वर गँगरीन. सगळ्यांत गंभीर तेवढंच घ्या, खालचं त्यात येतं. डाव्या टाचेला अल्सर आणि ग्राफ्ट स्वतःच्या शिरेचा, तर आय ७०.४४४. त्यामागे जखमेच्या खोलीचा कोड हवाच. चरबीचा थर उघडा पडला असेल तर एल ९७.४२२. अल्सरचं निदान डॉक्टरांचंच लागतं, खोली मात्र नर्सच्या नोंदीतून घेता येते. म्हणून वूंड केअरची नोंद वाचल्याशिवाय चार्ट बंद करू नका.

धमनी जुनाट पूर्ण बंद असेल तर आय ७०.९२ जोडा. तंबाखूची नोंद असेल तर तिचाही कोड. ग्राफ्टमध्ये गुठळी असेल तर ती टी ८२.८ मध्ये जाते.

क्वेरीत ‘व्हेन ग्राफ्ट होता ना?’ असं कधीही विचारू नका. मी असं लिहिते: ‘ग्राफ्टचा प्रकार कृपया नमूद करावा: स्वतःची शीर, इतर जैविक, कृत्रिम, अन्य, सांगता येत नाही.’ उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डवर ठेवते.